दहा मोजेपर्यंत

कारखान्यात तिला सगळे घार म्हणायचे. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण पाडणाऱ्यानं काही खोटं पाडलं नव्हतं. इंजेक्शनच्या औषधाच्या त्या बारीक काचेच्या कुप्या असतात ना, मानेशी मोडून उघडायच्या, त्या तिथं भरल्या जायच्या. कारखान्यातले लोक त्यांना अँप्युल म्हणत, आपण कुपीच म्हणू. भरलेली प्रत्येक कुपी बाहेर जाण्याआधी माणसाच्या डोळ्याखालून जायची. आत काचेचा कण आहे का, धागा आहे का, काळा ठिपका आहे का, ते बघायचं. एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा एकदा.

टेबलाच्या मागे एक फळी उभी असायची, अर्धी पांढरी, अर्धी काळी, आणि वर नळीचा दिवा. पाच कुप्या मानेला धरून उचलायच्या, एकदा उलट्या करून सरळ करायच्या, म्हणजे तळाशी काही बसलं असेल तर ते वर उठतं. मग पांढऱ्यापुढे धरून मनातल्या मनात पाच मोजायचे, काळ्यापुढे धरून आणखी पाच. काळा कण पांढऱ्यावर दिसतो, काच काळ्यावर चमकते. दहा मोजून झाले की चांगल्या कुप्या ट्रेमध्ये आणि वाईट असली तर ती लाल डब्यात. ट्रेमध्ये दोनशे कुप्या भरल्या की वर आपल्या नंबरची चिठ्ठी डकवायची. घारीचा नंबर सात. सात नंबरचा ट्रे पुन्हा कुणी उघडून बघायचंच नाही, इतका तिच्यावर भरवसा. एकदा तिनं बाजूला काढलेल्या कुपीत देखरेखीच्या मॅडमना काहीच दिसेना. भिंग लावलं तेव्हा पापणीच्या केसाहून बारीक तंतू सापडला. तेव्हापासून मॅडमही तिच्याशी वाद घालत नसत.

शेजारच्या टेबलावर तिची नणंद बसायची, नवऱ्याची थोरली बहीण. तिनंच हिला लग्नानंतर वर्षभरात इथं चिकटवलं होतं. घार तिला वन्सं म्हणायची, घरी मानानं आणि कारखान्यात चेष्टेनं. वन्संचा आवाज मोठा, जीव त्याहून मोठा, आणि नियमांवर विश्वास जेमतेम. भावजयीचं कौतुक मात्र त्या सगळ्यांना सांगत सुटायच्या, जणू काही डोळे यांनीच घडवून दिलेत.

आता ही एवढी नजरेची बाई कशी बिघडली ते ऐका. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि तो बहुतेक वेळ पिशवीच्या तळाशी असायचा. तपासणीच्या खोलीत फोन न्यायला बंदी. बाहेर लोखंडी कपाटात आपापल्या कप्प्यात फोन, घड्याळ, अंगठ्या ठेवायच्या, पांढरा डगला आणि टोपी चढवायची, हात धुवायचे, मग आत. एका दुपारी तिची आई न्हाणीघरात पडली. आई दुसऱ्या गावी धाकट्या भावाकडे राहायची. पडली तेव्हा चांगली शुद्धीत होती. भावानं दवाखान्यात नेलं आणि हिला फोन लावत राहिला, सतरा वेळा. आई तिकडे लेकीला बोलवा म्हणत होती आणि लेक फोनपासून एका भिंतीपलीकडे बसून दहा-दहा मोजत होती. पाळी संपल्यावर कप्पा उघडला, सतरा मिस्ड कॉल बघितले. तिनं उलटा फोन लावला तोवर आई गेली होती.

भाऊ तिला टाकून काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, तिला तुझा आवाज ऐकायचा होता गं. मी फोन तिच्या कानालाच धरून बसलो होतो." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

महिन्याभरात तिनं मोठा फोन घेतला. आणि इथून पुढे तिची चूक म्हणा, खोड म्हणा, दुखणं म्हणा, काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. कारखान्यात दर अर्ध्या तासानं घंटा व्हायची आणि दहा मिनिटं डोळ्यांना सुट्टी मिळायची. त्या वेळात खिडकीपाशी उभं राहून लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचं, नाहीतर डोळे मिटून गप्प बसायचं, असा नियमच होता. घार त्या दहा मिनिटांत डगला काढून कपाटाकडे पळायला लागली. कुणाचा फोन तर आला नाही ना, एवढंच बघायला. पहिले काही आठवडे खरंच तेवढंच. मग फोन हातात आहेच तर एखादा निरोप वाचला. निरोपाखाली कुणी व्हिडिओ पाठवलेला, तो बघितला. तो संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, तुम्हाला सांगायला नको. कुणी साबणाच्या वड्या कापतंय, कुणी गालिचा धुतंय, कुणाचं कुत्रं शिंकतंय. तिचा त्यातल्या कशाशीही काडीचा संबंध नव्हता. पण तेवढा वेळ आई आठवायची नाही, हे तिला कळलं होतं आणि हेच वाईट झालं. डोळ्यांना सुट्टी म्हणून दिलेली दहा मिनिटं ती डोळे आणखी शिणवून परत यायची आणि पुन्हा कुप्या उचलायची.

घरात तर दारच उघडं. दूध उतू जायला लागलं, नळ वाहता राहायला लागला. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, दिवसभर मोटारींच्या घरघरीत राहिलेला माणूस, त्याला घरातली शांतता आधी बरी वाटली. लेक पंधराची. एक दिवस शाळेतून आली ती तावातावानं काहीतरी सांगत होती, मैत्रिणीशी काय बिनसलं, बाई काय बोलल्या, कोण रडलं. घार हं हं करत होती. बऱ्याच वेळानं तिला खोली फार गप्प वाटली म्हणून तिनं मान वर केली, तर समोर कुणीच नव्हतं. पोरगी कधी उठून गेली पत्ता नाही. तेवढ्यात फोनवर निरोप आला, शेजारच्या खोलीतून, लेकीचाच. उद्या डब्यात काय आहे, असं विचारलं होतं. घारीनं त्यालाही अंगठ्याचं चिन्ह पाठवून उत्तर दिलं. पुढे त्या दोघींचं बरंचसं बोलणं असंच व्हायला लागलं.

तपासणीच्या खोलीत फोन नसतानाही मांडीवर थरथर जाणवायची. डगल्याला खिसाच नव्हता, तरी हात तिकडे जायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय, नसलेला फोन वाजतो म्हणून?

मग वर्षाची परीक्षा आली. तपासणीवाल्यांची दर वर्षी परीक्षा व्हायची. अडीचशे कुप्यांचा एक संच मॅडमच्या कपाटात कुलपात असायचा. त्यात पंचवीस मुद्दाम बिघडवलेल्या कुप्या मिसळलेल्या. पंचवीसपैकी निदान तेवीस पकडायच्या, नाहीतर नापास. तीन वेळा बसू देत आणि तिसऱ्यांदाही नापास झालं तर टेबल सुटलं. त्या कारखान्यात टेबल सुटलं की त्या माणसाला दुसरं काम नव्हतं. आजवर घारीनं पंचवीसच्या पंचवीस पकडल्या होत्या, दर वर्षी. मॅडम तिची परीक्षा घ्यायची म्हणून घ्यायच्या. या वर्षी तिनं पंधरा पकडल्या.

मॅडमनी आकडा दोनदा तपासला. तिला बाजूला घेऊन बरं नाही का, झोप झाली नाही का, असं विचारलं. चष्म्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं डोळ्यांत थेंब टाकून सगळं बघितलं आणि नजर विशीतल्या पोरीसारखी आहे असं लिहून दिलं. तो कागद हातात घेऊन ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. डोळ्यांत काही निघालं असतं तर औषध तरी घातलं असतं. आठवड्यानं दुसरी परीक्षा झाली. सोळा पकडल्या, आणि वर नऊ चांगल्या कुप्या वाईट म्हणून फेकल्या. वन्संचं तोंड एवढंसं झालं. मॅडमनी तिला टेबलावरून उठवून तेवढ्यापुरतं खोके भरायला बसवलं आणि तिसऱ्या परीक्षेची तारीख दिली. मध्ये तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत तिनं काय काय नाही केलं. फोन नवऱ्याकडे दिला, त्यानं तो हत्यारांच्या पेटीत ठेवला, पान्ह्यांच्या खाली. संध्याकाळी तो अंघोळीला गेला आणि हिनं पेटी उपसली. हाताला वंगण लागलं, त्याच हातानं काचेवर बोट फिरवत उभी राहिली. नवरा बाहेर आला, त्यानं बघितलं, टॉवेलनं डोकं पुसत राहिला. "तू मागितला असतास तर दिला असता मी. चोरायला कशाला लागलीस?" असं म्हणाला. त्या रात्री ती जेवली नाही.

मन एकाग्र कसं करावं, याचे व्हिडिओ असतात. ते तिनं बघितले. एका बैठकीला सात बघितले, आणि आठवा कुत्र्याचा होता तोही बघितला. एका ॲपमध्ये दर तासाला घंटा वाजते आणि श्वासाकडे लक्ष द्या असं सांगतात. ती घंटा वाजली की घार फोन उचलायची, श्वासाकडे लक्ष द्यायची आणि हातात आहेच म्हणून पुढे बघायची. एक रविवार फोन पूर्ण बंद करून काढला. सकाळी बरं वाटलं. दुपारी छातीत धडधड सुरू झाली, आत्ता भाऊ फोन लावत असेल, आत्ता लेकीचं काही झालं असेल. लेक तर समोर बसून अभ्यास करत होती. घार तिच्याकडे बघत होती आणि तरीही तिला वाटत होतं की लेकीचं काहीतरी झालंय आणि आपल्याला कळलेलं नाही. चार वाजता तिनं फोन सुरू केला. कुणाचाही फोन आलेला नव्हता.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, ठेवायचा बाजूला. तेच नवरा म्हणाला, भाऊ म्हणाला, वन्सं तर रोज म्हणायच्या. ती स्वतःलाही तेच म्हणायची. आपल्याला जे काम जगात सगळ्यांत चांगलं येत होतं ते हातातून निसटतंय आणि आपण आ वासून बघतोय, असं तिला वाटायचं. तिला स्वतःची किळस यायला लागली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वन्सं घरी आल्या, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात बोलू लागल्या. वन्संचा हळू आवाज म्हणजे काय, शेजारी ऐकू जाऊ नये एवढाच. त्यांनी सांगितलं ते असं. परीक्षेच्या संचातल्या चांगल्या कुप्या मॅडम दर वर्षी बदलून नव्या घालतात. वाईट कुप्या मात्र त्याच जुन्या, कारण मुद्दाम तशी कुपी बनवणं अवघड. कुपीच्या मानेवर जिथं मोडायचं तिथं निळी कडी छापलेली असते ना, त्या जुन्या कुप्यांवरची कडी विटली आहे. आत काय आहे ते बघायचंच नाही. कडी बघायची. फिकी दिसली की लाल डबा. वन्संना हे चार वर्षांपासून माहीत होतं, गरज पडली नव्हती.

"आणि सगळ्या पकडू नकोस," वन्सं म्हणाल्या. "एखादी सोड. शहाण्या माणसासारखी सोड."

घारीनं नाही म्हणायला हवं होतं. तिनं आधी नाहीच म्हटलं. मग वन्संनी तिचा हात धरला आणि घराचं, लेकीच्या शिक्षणाचं, घारीच्या नवऱ्याच्या पाठीच्या दुखण्याचं सगळं एका दमात सांगितलं. म्हणाल्या की एकदा पुन्हा टेबलावर बसलीस की बसेल घडी, इतकी वर्षं केलेलं काम आहे, हात विसरतो होय? घारीला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं चोवीस पकडल्या. मॅडमच्या चेहऱ्यावर एवढा आनंद झाला की घारीला त्यांच्याकडे बघवेना. खोलीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वन्सं सगळ्यांत जोरात वाजवत होत्या.

टेबल परत मिळालं. दहा दिवस गेले. रोज ती पूर्वीसारखे ट्रे भरत होती, सात नंबरच्या चिठ्ठ्या डकवत होती. घडी बसली असं तिनंही धरून चाललं. अकराव्या दिवशी सकाळी एक ट्रे पुरा झाला आणि चिठ्ठीला गोंद लावताना तिच्या मनात आलं, या ट्रेमधून मी लाल डब्यात किती टाकल्या? लाल डब्यात बघितलं. रिकामा होता. काल किती टाकल्या? परवा? वन्संच्या डब्यात रोज चार-पाच असायच्या, सगळ्यांच्याच असायच्या, यंत्रच तसं होतं. तिच्या दहा दिवसांत दोन.

तिनं ट्रे परत ओतला आणि पहिल्यापासून बसली. पाच कुप्या धरल्या. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत भावाचा निरोप आठवला, त्याला उत्तर दिलं नव्हतं. मग लेकीचा नवा फोटो, तिनं तो कधी काढला. मग गालिचा धुणारा माणूस. दहा झाले. कुप्या हातात होत्या आणि त्यांत काय होतं ते देवाशपथ तिला सांगता आलं नसतं. पुन्हा धरल्या. पुन्हा तेच. डोळे उघडे, फळीकडे लागलेले, मोजणं बिनचूक, आणि मधल्या वेळात ती तिथं नव्हतीच. जीभ चावून बघितलं. पायाच्या अंगठ्यावर पाय दाबून बघितला. चाळीस कुप्या झाल्या, तेव्हा कळलं की त्यातल्या शेवटच्या वीस नुसत्या हातानं फिरवल्या आहेत. पुन्हा ओतल्या. घंटा झाली तेव्हा ती उठली नाही. सगळ्या जणी खिडकीपाशी गेल्या आणि ही एकटी दिव्याखाली बसून मोजत राहिली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत वन्संचे सहा ट्रे झाले होते. घारीचा एकही नाही. आणि मग तिला ते नीट कळलं. खरोखर बघायचं म्हटलं तर तिच्यानं अर्ध्या दिवसात एक ट्रे होत नव्हता. मग गेले दहा दिवस ती रोज बारा ट्रे कसे करत होती? आणि परीक्षेच्या आधी, गेलं सगळं वर्षभर? कुणाला तरी ताप होता, कुणाला तरी शस्त्रक्रियेआधी भूल द्यायची होती, कुणाचं तरी पोर खाटेवर होतं आणि नर्स कुपीची मान मोडत होती. सात नंबर आहे, म्हणून कुणी पुन्हा बघितलं नव्हतं.

चिठ्ठी अजून टेबलावर होती. डकवली असती तर कुणाला कळलं नसतं. वन्सं तिकडून खुणेनं विचारत होत्या, काय झालं, ये जेवायला. घारीला त्यांच्या चेहऱ्यावर घर दिसलं, नवरा दिसला, लेक दिसली. मी बोलले तर ही बाईही जाईल, हेही दिसलं. तरी ती उठली आणि मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"डोळे बरे आहेत माझे," ती म्हणाली. "मी बघत नाही, मॅडम. धरते, मोजते, ठेवते, आणि बघत नाही."

मॅडमना आधी काही कळेना. परीक्षा पास झालीस की, असं त्या म्हणाल्या. तेव्हा घारीनं निळ्या कडीचं सांगितलं. कुणाकडून कळलं ते सांगितलं नाही, पण वन्सं मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी टोपी काढली आणि मी सांगितलं तिला, असं स्वतःहून म्हणाल्या.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

घारीनं आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला. गेल्या वर्षातला एखादा दिवस, एखादा ट्रे, जो आपण खरंच बघितला असं छातीवर हात ठेवून सांगता येईल. व्हिडिओ आठवत होते, शेकड्यांनी, तपशिलासकट. ट्रे एकही आठवेना. माहीत नाही, असं ती म्हणाली, आणि मॅडमनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

त्याच दिवशी मालकाला कळवलं. गोदामात पडून असलेले सात नंबरचे सगळे ट्रे परत आणले आणि बाकीची सगळी टेबलं त्यावर बसली, वन्संसुद्धा, कारण माणसंच नव्हती. घारीला आत येऊ दिलं नाही. ती बाहेर कपाटांच्या खोलीत बाकावर बसून राहिली, दोन दिवस. घरी जा म्हटलं तरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं बाहेर आल्या. हातात एक कुपी होती. त्यांनी ती तिच्यापुढे कपाटाच्या काळ्या पत्र्यासमोर धरली. आत काचेची कपची होती, नखाच्या टोकाएवढी, खाली उतरताना झगझगत होती. भिंग लागत नव्हतं. मोजायचीही गरज नव्हती. आंधळ्याला दिसली असती.

"ही माझ्या हातून गेली?" घारीनं विचारलं.

वन्सं तिच्याशेजारी बसल्या. त्याच बॅचच्या बाकीच्या पेट्या आठ दिवसांपूर्वी रवाना झाल्या होत्या. चौतीस ठिकाणी.

सगळ्या ठिकाणांना पत्र गेलं, मेल गेला, या बॅचची एकही कुपी वापरू नका, परत पाठवा. पण मेल कोण वाचतं आणि कधी वाचतं? म्हणून मॅडमनी फोन लावायला घेतले, सोबत गोदामाचा कारकून. घार त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मॅडम म्हणाल्या की तुझं इथलं काम संपलंय, तू आता घरी जा. त्यांचा आवाज चढला नव्हता, दमलेला होता. तिनं हात जोडले. घरी जाऊन काय करू, निम्मी यादी मला द्या, मग हाकलून द्या, असं म्हणाली. मॅडमनी यादीची एक प्रत तिच्याकडे सरकवली आणि कोपऱ्यातला फोन दाखवला.

सतरा नंबर होते तिच्या वाट्याला. ती उभ्यानं बोलत होती. काही माणसं चांगली भेटली. एका नर्सनं बॅचचा नंबर लिहून घेतला, उलटा वाचून दाखवला, जाऊन मोजून आली आणि इतक्या उरल्यात, इतक्या वापरल्या असं सांगितलं. ती माणसं बरी आहेत का, असं तिनं विचारलं. नर्स म्हणाली, आम्ही बघतो, आता हे आमच्यावर सोडा. एका ठिकाणी तिला तासभर उलटसुलट विचारलं, शिव्याही दिल्या. तिनं ऐकून घेतलं. एका दुकानदारानं पेटी उघडलीच नव्हती, त्याला तिनं तीन वेळा धन्यवाद दिले. तेरा झाले. प्रत्येकापुढे ती वेळ लिहून ठेवत होती.

चौदावा एका छोट्या दवाखान्याचा. यादीत त्याच्यापुढे दोन पेट्या लिहिल्या होत्या. दवाखान्याचा फोन औषधांच्या खोलीतल्या माणसानं उचलला, आवाजावरून तरुण, बोलायला गोड. तिनं कारखान्याचं नाव सांगितलं. बॅचचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला. त्यात काच असू शकते, एकही कुपी वापरू नका, पेट्या आत्ता बाजूला काढा. तो बरं बरं म्हणाला. तिनं लिहून घेतलं का विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही मेसेज टाका ना ताई, बघतो मी."

त्याच्यामागे हसण्याचा आवाज येत होता, खूप माणसांच्या एकदम हसण्याचा, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. तिला तो व्हिडिओ पाठ होता. एक माणूस शिडीवरून रंगाच्या बादलीत पडतो, लोक हसतात, मग एक शिट्टी वाजते आणि संपतो. त्याचा स्वतःचा फोन दुसऱ्या हातात होता.

"भाऊ, मी काय सांगितलं तुम्हाला आत्ता?" तिनं विचारलं.

"ते... औषधाचं ना? हो, कळलं की."

"पेटी फोडली आहे का?"

"असेल. वॉर्डात गेली असेल एखादी. बघावं लागेल."

"मी तुम्हाला दुसरं काही सांगत नाही. नुसतं उठा, आणि पेटीपाशी जा. मी फोन धरून थांबते."

"हो हो," तो म्हणाला. खुर्ची हलल्याचा आवाज आला नाही. शिट्टी वाजली. आता संपेल म्हणून ती थांबली, तोंड उघडं ठेवून, श्वास धरून. संपला. ती बोलणार तेवढ्यात पुढचा सुरू झाला, आणि घारीनं बॅचचा नंबर पुन्हा पहिल्या आकड्यापासून सांगायला घेतला.